पोळी-भाजी केंद्रातल्या ताईंची कंबर आणि १० सेकंदांचे होल्ड: एक केस

ही केस आहे एका ४६ वर्षांच्या ताईंची. ठाणे जिल्ह्यात त्यांचं छोटं पोळी-भाजी केंद्र आहे. त्यांची परवानगी घेऊन लिहितेय, नाव-गाव देत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पाठीसाठीचे आयसोमेट्रिक होल्ड, म्हणजे काही हालचाल न करता आपलंच वजन एका पोझिशनमध्ये धरून ठेवायचे व्यायाम, हे माझ्या रोजच्या कामातले. लोकांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, मॅडम किती सेकंद धरायचं? एक मिनिट झालं की पाठ मजबूत झाली का? मला कळकळीने सांगायचंय की आकडा वाढवायच्या मागे लागण्याआधी ती पाठ दिवसभर काय करते ते बघा, मग होल्ड तेवढ्याच मापाचा द्या, छोटा द्या आणि परत परत द्या. या केसमध्ये हे सगळं स्पष्ट दिसलं म्हणून ती पूर्ण लिहून काढतेय.

ताई पहाटे साडेचारला उठतात आणि पाचला कणकेला हात लागतो. रोजच्या साडेतीनशे-चारशे पोळ्या, त्यातल्या बहुतेक त्या स्वतः लाटतात, भाजायला एक मदतनीस आहे. सकाळी अकरापर्यंत डबे गेले पाहिजेत, त्यामुळे मधे बसणं नाही, एकदा चहा तेवढा, तोही उभ्यानेच. आठेक महिन्यांपासून कंबर दुखत होती. सुरुवातीला फक्त जडपणा, मग दहाच्या सुमारास कंबरेत भाजल्यासारखं व्हायला लागायचं, आणि काम संपलं की सरळच होता यायचं नाही, टेबलाला धरून दोन मिनिटं उभं राहायचं आणि मग हळूहळू पाठ सरळ करायची. दुपारी आडवं पडलं की बरं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिल्यापासून.

एमआरआय आधीच काढलेला होता. त्यात कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या चकतीला बल्ज आहे, म्हणजे ती थोडी बाहेर फुगलीय, असं लिहिलेलं आणि घरात सगळ्यांनी ‘गादी सरकली’ म्हणून धसका घेतलेला. यावर मी पहिल्याच दिवशी वेळ काढून बोलले, कारण ही भीती डोक्यात असली की माणूस होल्ड करताना अंग चोरतो. २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता, ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा. त्यात विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांना बल्ज सापडला आणि पन्नाशीतल्या साधारण ६० टक्के लोकांना. म्हणजे या वयात रिपोर्टमध्ये बल्ज दिसणं ही काही आकाश कोसळल्यासारखी गोष्ट नाही. रिपोर्ट खोटा नसतो, पण दुखणं त्याच्यामुळेच आहे असंही त्यावरून ठरत नाही.

घरच्यांच्या आग्रहावरून त्यांनी एक उपाय आधीच सुरू केला होता. मुलीने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, सुपरमॅन होल्ड, पालथं झोपून दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकदम वर उचलायचे आणि मिनिटभर तसंच राहायचं. ताई जिद्दीच्या, पहिल्या दिवसापासून मिनिट पूर्ण करायला गेल्या, तोंड लाल होईपर्यंत श्वास रोखून. चार दिवसांत आधीचं भाजल्यासारखं दुखणं होतं ते राहिलंच, वर कंबरेच्या मधोमध टोचल्यासारखं नवीन दुखणं सुरू झालं, मागे वाकलं की जास्त. तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

तपासणीत काय दिसलं

आधी धोक्याच्या गोष्टी नाहीत ना ते बघितलं. पायात जोर कमी, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप, विनाकारण वजन उतरणं, पडल्या-बिडल्याचा इतिहास, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे. ताईंना यातलं काही नव्हतं. झोपवून पाय सरळ उचलून बघितला, कळ पायात जात नव्हती. बीपीची गोळी चालू होती आणि बीपी ताब्यात होतं.

मग सोरेनसेन टेस्ट घेतली. पाठीच्या होल्डचा विषय निघाला की ही टेस्ट माहीत असायलाच हवी. फिन बिअरिंग-सोरेनसेन या डॅनिश डॉक्टरांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून तिला हे नाव पडलं. टेबलावर पालथं झोपायचं, कंबरेपासून वरचं अंग टेबलाच्या कडेबाहेर, पाय पट्ट्यांनी बांधलेले, हात छातीवर दुमडलेले, आणि वरचं अंग जमिनीला समांतर धरून ठेवायचं, जास्तीत जास्त २४० सेकंद. त्या अभ्यासात असं दिसलं की ज्या पुरुषांची पाठ या पोझिशनमध्ये जास्त वेळ टिकली त्यांना पुढच्या वर्षभरात पहिल्यांदाच कंबरदुखी सुरू होण्याचं प्रमाण कमी होतं. बायका या टेस्टमध्ये सरासरी पुरुषांपेक्षा जास्त वेळ टिकतात, हे नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत आलंय. आमच्या ताई टोचायला लागलं की लगेच थांबायचं या अटीवर टेबलावर चढल्या, २६ सेकंदांत पाठ थरथरायला लागली आणि हनुवटी वर जायला लागली, तिथेच थांबवलं. गंमत म्हणजे टोचलं नव्हतं, स्नायू थकले होते.

गुडघ्यांवरचा साइड प्लँक, म्हणजे कुशीवर कोपर आणि गुडघे टेकून कंबर वर उचलून धरायची, उजवीकडे २० सेकंद, डावीकडे ९.

आता हे २६ सेकंद बघून ‘पाठ कमजोर आहे’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं, पण ज्या बाई दोन हातांनी भरलेली परात उचलून ठेवतात, पिठाची गोणी ओढतात, त्यांच्यात ताकद नाही असं कसं म्हणणार? ताकद होती, दम नव्हता. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना जे लांब स्नायू असतात, इरेक्टर स्पायनी, आणि त्यांच्या खाली मणक्याला चिकटून असलेले मल्टिफिडस, त्यांचं मुख्य काम अंग सरळ धरून ठेवणं, थोड्या जोराने पण तासन्‌तास. त्यांत हळू थकणारे तंतू जास्त असतात ते त्यासाठीच. पण स्नायू सतत आवळलेला राहिला तर आतला रक्तपुरवठा दबतो, ऑक्सिजन कमी पडतो, आणि मग ते भाजल्यासारखं होतं.

केंद्रात जाऊन बघितल्यावर उलगडा झाला

मी त्यांना काम करताना बघायला गेले आणि मला वाटतं या केसमधली सगळ्यात उपयोगाची सकाळ तीच. लाटायचं टेबल जमिनीपासून ७० सेंटीमीटर. ताईंचा कोपर उभ्यात साधारण ९५ सेंटीमीटरवर. पोळपाट टेबलावर ठेवला तरी हात खूप खाली जात होते, त्यामुळे सहा तास त्या साधारण २५-३० अंशांत पुढे झुकून. हा कोन फार वाईट. पूर्ण वाकलात तर एका मर्यादेनंतर पाठीचे स्नायू शांत होतात, भार लिगामेंट्सवर, म्हणजे हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांवर, जातो, तेही तासन्‌तास चांगलं नाहीच, पण अर्धवट झुकून उभं राहिलं की स्नायूंना सुट्टीच नाही, कंबरेवरचं सगळं अंग, म्हणजे वजनाच्या निम्म्याहून जास्त, त्यांनी लटकत धरलेलं असतं. म्हणजे ताई रोज सहा तास एक आयसोमेट्रिक होल्ड करतच होत्या! फक्त त्याला विश्रांती नव्हती. वर घरी येऊन मिनिटाचा सुपरमॅन.

सुपरमॅनबद्दल स्पष्टच लिहिते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी अनेक वर्षं कण्यावरचे दाब मोजलेत, त्यांच्या मोजमापानुसार पालथं झोपून हात-पाय एकदम उचलल्यावर कंबरेच्या मणक्यांवर ६,००० न्यूटनपर्यंत दाब येऊ शकतो, साधारण ६०० किलो वजनाइतका, आणि तोही पाठ मागे कमानीसारखी वाकलेली असताना. ओझं उचलणाऱ्या कामगारांसाठी अमेरिकेत जी सावधगिरीची पातळी धरतात ती ३,४०० न्यूटनची. हात-गुडघ्यांवर राहून विरुद्ध हात-पाय लांबवायचा बर्ड डॉग केला तर दाब साधारण ३,००० न्यूटनच्या आसपास राहतो, म्हणजे निम्मा, आणि पाठीचे स्नायू तरीही चांगले काम करतात. मल्लखांब करणारी पोरं, जिमनॅस्ट कमानीत आरामात राहतात, निरोगी सवयीच्या पाठीला ते झेपतं, व्यायाम म्हणून तो काही विष नाही. पण दुखऱ्या, थकलेल्या, ४६ वर्षांच्या पाठीला पहिल्याच पायरीला तो द्यायचा नाही, या मतावर मी ठाम आहे.

अजून एक गोष्ट केंद्रात बसून कळली. रात्रभर झोपेत चकत्या पाणी शोषून फुगतात, सकाळी आपण दीड-दोन सेंटीमीटर उंच असतो, त्यातली बरीचशी उंची उठल्यावरच्या पहिल्या तासात जाते, आणि त्या वेळात वाकलं तर चकतीवरचा ताण जास्त असतो. १९९८ च्या एका अभ्यासात नुसतं सकाळचं वाकणं टाळायला सांगितलं तरी जुनी कंबरदुखी कमी झाल्याचं दिसलं होतं. आणि ताई उठल्यापासून अर्ध्या तासात परातीवर वाकलेल्या.

काय केलं

टेबलाच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे, १२ सेंटीमीटरचे, सुताराकडून कापून आणलेले. लाटताना थोडा जोर खाली द्यावा लागतो म्हणून पोळपाटासकट उंची कोपराच्या १०-१५ सेंटीमीटर खाली यावी असं बघितलं, टेबल ८२ वर आलं आणि पोळपाट धरून हिशोब बरोबर बसला. टेबलाखाली एक लाकडी पाट, त्यावर आलटून पालटून एक पाय. कणिक मदतनीस मळेल, ताई तेवढ्या वेळात फिरत भाज्यांचं बघतील. आणि २० पोळ्यांची चवड झाली की हात पुसून, कंबरेवर हात ठेवून सरळ उभं राहायचं, तीन श्वास. यावर त्यांची कुरकुर होती की डबे उशिरा जातील, पण तीन श्वासांना काय वेळ लागतो, चार दिवसांत अंगवळणी पडलं.

होल्ड दुपारी, काम संपवून, जेवणाआधी. तीनच व्यायाम, मॅकगिल यांचेच, बर्ड डॉग, साइड प्लँक आणि कर्ल-अप, म्हणजे उताणं झोपून डोकं-खांदे जरासे उचलून धरायचे. कर्ल-अपमध्ये सांगण्यासारखं काही घडलं नाही, तो लगेच जमला. साइड प्लँक गुडघ्यांवर, डावीकडे पाच-पाच सेकंदांपासून.

बर्ड डॉगवर मात्र खूप काम करावं लागलं. पहिलीच अडचण मनगटाची. दिवसाला चारशे पोळ्या लाटणाऱ्या हाताला तळवा जमिनीवर टेकवून मनगट मागे वाकवणं सहन होईना, म्हणून मुठी करून त्यावर भार घेतला, मनगट सरळ. गुडघ्यांखाली गोधडीची घडी. दुसरी अडचण अशी की पाय मागे नेला की कंबर एका बाजूला कलायची, आणि हे करणाऱ्याला स्वतःला कळत नाही. मी त्यांच्याच केंद्रातलं लाटणं मागवलं आणि कंबरेवर आडवं ठेवलं, घाटदार नाही, सरळ दंडगोल असतं ते. पाय उचलला आणि लाटणं घरंगळलं, धाडकन फरशीवर. परत ठेवलं, परत पडलं. मग सांगितलं की पाय उचलूच नका, नुसता अंगठा जमिनीवर घासत मागे न्या, गुडघा सरळ झाला की टाच जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, नितंब आवळून, आणि पोट असं घट्ट करा की कोणी चिमटा काढायला येतंय. लाटणं जागेवर राहिलं. ताई इतक्या खूश झाल्या की हात पण लांबवू का म्हणून विचारायला लागल्या, मी म्हटलं, नाही ताई, हात पुढच्या आठवड्यात.

माप असं: एक होल्ड १० सेकंद, एका बाजूला ६ वेळा, मग दुसऱ्या बाजूला, थोडी विश्रांती, मग ४, मग २. उतरता क्रम अशासाठी की थकवा वाढत जातो तशी संख्या कमी होते आणि शेवटचा होल्डसुद्धा चांगल्या पोझिशनमध्येच होतो. १० सेकंदांनंतर सोडलं की स्नायूत रक्त परत खेळतं. बर्ड डॉगमध्ये वेळ वाढवायचाच नाही, वेळा वाढवायच्या.

श्वास रोखायची सवय मोडणं बीपीमुळे जरुरीचं होतं, कारण आवळून धरलेल्या स्नायूंनी बीपी तसंही चढतं आणि वर श्वास कोंडला तर आणखी. त्यांना मोठ्याने आकडे मोजायला लावले. पोळ्या मोजायची सवय असल्यामुळे एक ते दहा एका लयीत म्हणायच्या, आणि आवाज निघतोय म्हणजे श्वास चालू आहे हे मला फोनवरूनसुद्धा कळायचं.

पुढचे आठवडे

तिसऱ्या आठवड्यात टोचणं थांबलं. हात-पाय दोन्हींचा बर्ड डॉग लाटणं न पाडता व्हायला लागला. पाचव्या आठवड्यापासून पालथं झोपून होल्ड सुरू केला, पण सुपरमॅन नाही: पोटाखाली उशी, म्हणजे कंबरेची कमान होत नाही, हात कपाळापाशी, पाय जमिनीवरच, आणि छाती फक्त दोन बोटं वर, नजर खाली जमिनीकडे. योगाच्या क्लासला जाणाऱ्यांना वाटेल हे तर अर्धंसुद्धा शलभासन नाही. बरोबर आहे, तेवढंच हवं होतं.

मधे होळी आली. पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी, तीन दिवस दुप्पट काम, पुरणाचं जड पातेलं गॅसवरून खाली-वर, ठोकळ्यांचं टेबल दुसऱ्या कामाला आणि ताई परत जुन्या बुटक्या टेबलावर. धुळवडीच्या दिवशी फोन आला, मॅडम, परत पहिल्यासारखं झालं. पहिल्यासारखं झालं नव्हतं, थकवा होता, टोचणं नव्हतं, पायात काही नव्हतं. दोन दिवस नुसतं चालायला सांगितलं, दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं, मग होल्ड निम्म्या संख्येने, ३-२-१. आठवड्याभरात गाडी रुळावर. अशा वेळी लोक एकतर घाबरून सगळं सोडतात नाहीतर भरून काढायला दुप्पट करतात, दोन्ही नको, निम्म्यावर या आणि चालू ठेवा.

त्यानंतर घरीच सोरेनसेनसारखा होल्ड. पलंगाच्या कडेला पालथं झोपून वरचं अंग बाहेर, मुलगी पोटऱ्यांवर बसलेली, समोर खुर्ची, थकलं की हात लगेच खुर्चीवर टेकायचे. १० सेकंदांचे ५ होल्ड, मग हळूहळू १५ सेकंदांपर्यंत. अंग समांतर, त्याच्या वर नाही. मुलीचं काम फक्त बसणं नव्हतं, आईची हनुवटी वर गेली की ‘आई, मान’ असं ओरडायचं पण होतं.

बारा आठवड्यांनी परत टेस्ट घेतली. सोरेनसेन २६ वरून ७४ सेकंद. डावा साइड प्लँक ९ वरून २२, उजवाही वाढलाय, त्यामुळे डावा त्याच्यापेक्षा अजून कमीच. काम संपतानाचं दुखणं त्या दहापैकी सात सांगायच्या ते दोनवर, आणि टेबलाला धरून उभं राहणं बंद झालेलं. एमआरआय परत काढला नाही, गरज नव्हती.

श्रेय नक्की कशाचं? टेबल आणि होल्ड एकाच वेळी बदलले, तेव्हा एका केसवरून ते वेगळं काढता येत नाही. माझा अंदाज असा की पहिल्या तीन आठवड्यांतला फरक बराचसा ठोकळ्यांचा आणि सुपरमॅन बंद केल्याचा, कारण इतक्या लवकर स्नायूंचा दम वाढत नाही. पण होळीनंतर आठवड्यात सावरणं, यात होल्डचा हात नक्की आहे. १९९६ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं होतं की पहिल्यांदा कंबर दुखून बरी झाली तरी मल्टिफिडस आपोआप पूर्ववत होत नाही, तो व्यायामाने परत आणावा लागतो. म्हणून दुखणं दोनवर आलं तरी मी होल्ड बंद करू दिले नाहीत.

ही केस वाचून कोणी असेच होल्ड करणार असेल तर: बीपी ताब्यात नसेल, नुकतं पोटाचं किंवा पाठीचं ऑपरेशन झालं असेल, हाडं ठिसूळ असल्याचं निदान असेल, गरोदरपण असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि पलंगाच्या कडेचा होल्ड तर एकट्याने करूच नका. होल्ड करताना स्नायूत भाजल्यासारखं होणं चालतं, मणक्यात टोचणं किंवा पायात कळ जाणं चालत नाही.

ताई सध्या आठवड्यातून चार दिवस होल्ड करतात, आणि आता आम्ही पिठाची गोणी घेतलीय, कंबरेतून न वाकता मांड्यांच्या सांध्यातून वाकून उचलायची, सुरुवातीला १० किलोची. गंमत अशी की पाठीवर उभी काठी धरून हे शिकवायला गेले तर त्यांना ते पहिल्याच दिवशी जमलं, बर्ड डॉगमध्ये कंबर स्थिर ठेवायची सवय झालेली होती ना. डाव्या बाजूचा प्लँक अजून पूर्ण पायांवर नेलेला नाही, तो पुढच्या महिन्यात.